बोलायची खोली नकाशात कुठे आहे?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात बाल विकास प्रकल्प अधिकारी आहे. पंचायत समितीची नवी तीन मजली इमारत होणार आहे. तालुका आरोग्य अधिकारी, आमचे प्रकल्प कार्यालय, समाजकल्याणचे विस्तार अधिकारी आणि संरक्षण अधिकारी या चौघांना मिळून दुसरा मजला दिला आहे. नकाशात चार केबिनी आणि एक मोठा हॉल दिसतो. उपअभियंता म्हणतात, किती चौरस फूट हवे ते आठ दिवसांत लेखी द्या. काय मागावे?

उत्तर : मॅडम, चौरस फुटांचा आकडा लगेच देऊ नका. आठ दिवस आहेत ना? मग दारात एक वही ठेवा आणि शिपायाला सांगा, येणाऱ्या प्रत्येकाची नोंद कर. कोण आले, कशासाठी आले, सोबत कोण होते, किती वेळ बसले, उभ्यानेच परत गेले का. बाकी तिघांनाही हेच करायला लावा. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे नकाशे कसे होतात ते आतून पाहिले आहे. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, समोर घ्यायचा, पदे मोजायची, पद तितकी टेबले, साहेब तितक्या केबिनी. जे लोक येणार त्यांचा रकाना त्या तक्त्यात नसतोच.

तुमचेच उदाहरण घ्या. साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका, म्हणजे दोनशे अंगणवाड्यांच्या प्रकल्पात आठ पर्यवेक्षिका. आकृतिबंधाने आठ टेबले झाली. पण त्या असतात बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या अंगणवाड्यांच्या भागात, आणि तिथेच असायला हव्यात. आठ टेबलांवर धूळ बसणार आणि अहवालाच्या दिवशी मात्र सगळ्या एकदम येणार. त्यांना तीन सामाईक टेबले पुरतात. प्रत्येकीला कुलपाचा कप्पा मात्र स्वतंत्र द्या, नाहीतर रजिस्टरे पिशवीतून घरी जातात. आरोग्याकडच्या फिरत्या माणसांचेही तसेच. लिपिक, लेखा आणि संगणकावरचे कर्मचारी यांना कायमची जागा द्या. त्यात कंजुषी नको.

वाचलेल्या जागेतून चौघांत मिळून एक सभागृह काढा, वीस फूट बाय तीस. एका खुर्चीला दहा चौरस फूट धरले तर साठ माणसे बसतात. आशा सेविकांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची आढावा बैठक, तुमच्या बीटची बैठक, दिव्यांगांचा मेळावा, सगळे तिथेच. वार ठरवून वाटून घ्या.

आता मुद्द्याचे. तुमच्या नकाशात बोलायची खोली नाही.

संरक्षण अधिकाऱ्यांकडे बाई येते ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली. घरगुती घटना अहवाल लिहून घ्यायचा म्हणजे कोणी मारले, कशाने मारले, कुठे लागले, हे सगळे तिने तोंडाने सांगायचे. नकाशातल्या त्या केबिनी अॅल्युमिनियमच्या असणार, सात फुटांवर संपणाऱ्या, वर छतापर्यंत मोकळ्या. आवाज वरून सरळ हॉलमध्ये उतरतो. आणि हॉलमध्ये तिच्याच गावातला कोणीतरी दुसऱ्या कामासाठी बसलेला असतोच, तालुका केवढासा असतो! मग बाई म्हणते, 'काही नाही मॅडम, थोडं भांडण झालं होतं.' कागद कोराच राहतो, आणि वर आपण म्हणायचे की बायका तक्रारच करत नाहीत.

दहा बाय बाराच्या दोन खोल्या मागा. विटांची भिंत, स्लॅबला भिडलेली. भरीव दार, वर जाळीचा झरोका नको. उजेडासाठी खिडकी बाहेरच्या बाजूला, उंचावर. आत खुर्च्या सारख्या उंचीच्या, आणि अधिकाऱ्याची खुर्ची दाराच्या जवळ. चिडलेला नवरा किंवा दीर कधी उठून उभा राहील सांगता येत नाही, त्या वेळी आपल्या बाईमाणसाला बाहेर पडता आले पाहिजे. दारावर 'कौटुंबिक हिंसाचार तक्रार कक्ष' अशी पाटी अजिबात नको, नुसते 'कक्ष क्र. ४' पुरे. त्याच खोलीत कधी कुपोषित बाळाच्या आईशी बोला, कधी दारू सोडू पाहणाऱ्याशी. म्हणजे आत गेलेला माणूस कशासाठी गेला ते बाहेर कळत नाही. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी बोलावत असाल तर बसायच्या जागा दोन ठेवा, एकमेकींपासून दिसणार नाहीत अशा.

यावर कोणीतरी तुम्हाला लखिना पॅटर्न ऐकवेल. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी बैठकव्यवस्था, टेबलावरचे गठ्ठे आणि अभिलेख कक्ष यांना जी शिस्त लावली ती मला आजही पटते. टेबलावरचे कागद वर्गवारीने लावायची सहा गठ्ठे पद्धत तुम्हीही वापरत असाल. पण मोकळी, सगळ्यांना दिसणारी कचेरी ही कागद अडवून ठेवणाऱ्यावरचा उपाय आहे. लिपिक जरूर मोकळ्यावर बसवा. आजार, मारहाण, पोरीचे कमी वयातले लग्न या गोष्टी त्यात येत नाहीत.

दुसरा मजला नाकारा. गरोदर बाई, काठी टेकणारा म्हातारा, ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीसाठी खेटे घालणारा माणूस, हे सगळे तुमच्याकडे येतात. लिफ्ट आहे म्हणतील. वीज गेली की ती कुठे असते? तळमजल्यावर हक्क सांगणारे बरेच असतील, दालनांचा मान असतो. म्हणून सौदा करा. चारपैकी तीन केबिनी सोडतो, तळमजला द्या. केबिन सोडणारा अधिकारी इतका दुर्मीळ आहे की समोरचा गांगरून हो म्हणतो. तुमचे तीन सहकारी आधी तयार करा, बैठकीत तोंडघशी पडू नका.

तळमजला मिळाला तरी उताराचे गणित स्वतः करा. प्रमाण एकास बारा. जोते तीन फुटांचे असेल तर छत्तीस फूट लांबीचा उतार, शिवाय मध्ये थांबायला आणि वळायला सपाट जागा. नकाशात पंधरा फुटांचा दिसला तर समजा की तो फोटोसाठी आहे. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, फार तर कोणाची तरी मोटारसायकल चढते.

अभिलेख कक्षाबद्दल. साध्या कचेरीची फरशी दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो वजन धरून आखतात, कागदांच्या खोलीला ५०० धरावे लागतात. नंतर कुठल्याही खोलीत लोखंडी रॅक लावून चालत नाही. हा कक्षही खालीच घ्या, रॅक भिंतीपासून वीतभर लांब, वाळवीचा बंदोबस्त पाया भरतानाच. आणि आरोग्याच्या ब्लिचिंग पावडरची पोती या खोलीच्या शेजारीसुद्धा नकोत. तिच्यातून सुटणारा क्लोरीन लोखंड खातो, कागद खातो. तिला बाहेरच्या बाजूने दार असलेली वेगळी, हवेशीर कोठी द्या. वजनकाटे, उंची मोजायच्या पट्ट्या यांना दुसरी.

हिरकणी कक्ष आणि बायकांचे स्वच्छतागृह तुम्ही मागालच. एवढेच पाहा की स्वच्छतागृहाची किल्ली कोणाच्या ड्रॉवरमध्ये जाणार नाही.

हे सगळे कागदावर मांडले की बेरीज आपोआप होते. पत्राला वहीच्या पानांच्या छायाप्रती जोडा आणि चौघांच्या सह्या घ्या. एकट्या प्रकल्पाची मागणी 'शक्य झाल्यास विचार करू' या शेऱ्यावर थांबते.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेला ज्येष्ठांसाठी तपासणी आणि विरंगुळा केंद्र सुरू करायचे आहे. बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर मोठी जागा स्वस्तात मिळते आहे. लिफ्ट नाही. मालक म्हणतात, पुढे बसवून देऊ. घ्यावी का? (एक नगरसेविका)

उत्तर : नको. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आता नव्याने अशी जागा घेणे म्हणजे लेखापरीक्षणाचा मुद्दा स्वतःच्या पैशाने विकत घेणे. कायदा बाजूला ठेवला तरी गुडघे दुखणारी माणसे जिना चढून गुडघे दाखवायला येणार नाहीत. बाजारपेठेचा हट्ट सोडा. एखाद्या पालिका शाळेत तळमजल्याचे वर्ग रिकामे असतील तर शिक्षण विभागाकडून दोन मागून घ्या. रस्त्यापासून दारापर्यंत एकही पायरी नसलेले निवडा आणि भाड्याचे वाचलेले पैसे कमोड व हातधरणी बसवायला वापरा.