रोलप्लेमध्ये स्किझोफ्रेनिया असलेलं पात्र खरं वाटेल असं कसं रंगवावं?

तू लिहिलंयस की तुम्ही पाच मित्र चॅटवर रोलप्ले खेळता, एकेकानं एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढं न्यायची, त्यात तुझ्या पात्राला स्किझोफ्रेनिया द्यायचाय आणि अचूक दिसण्यासाठी कुठली लक्षणं घालू त्याची यादी हवीय. यादी मी देणार नाही. लक्षणं अगदी अचूक उचलून मी एकदा एका माणसाचं फार वाईट केलंय, त्याला पंधरा वर्षं उलटून गेली तरी ते मनातून जात नाही, म्हणून एवढं लांब लिहितेय.

२००९ ची गोष्ट, मी वीस वर्षांची. आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक. गोव्यातल्यांना सांगायला नको, पालखी देवळात गेली की मंडपात पडदा लागतो आणि रात्री साडेबाराला सुरू झालेलं नाटक पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू येईपर्यंत चालतं. त्या वर्षी मला वेडीची भूमिका मिळाली, तीन छोटे प्रवेश. दिग्दर्शक गावातलेच, सगळे त्यांना सर म्हणतात, स्पर्धेची नाटकं बसवलेला माणूस, त्यांच्यापुढं कोणी बोलत नसे. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, पहिली तालीम झाली तेव्हा सर म्हणाले, केस मोकळे सोड, कुंकू कपाळभर फास आणि दर वाक्याआधी हस. मला काही ते पटेना. मी म्हटलं, सर, आमच्या घरात आत्या आहे, ती आजारी आहे पण ती असलं काही करत नाही. ते म्हणाले, "मग काय करते ते करून दाखव बघू."

आणि मी करून दाखवलं.

आत्याला १९९८ साली सासरच्यांनी आणून सोडली होती, एक ट्रंक आणि गोळ्यांची पिशवी घेऊन. ती दिवसभर सोप्यावर बसायची आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या दोन बोटांवर सारखा घासत राहायचा, थांबायचाच नाही, फक्त झोपेत थांबायचा. लग्नाआधी ती अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, फार सुंदर करायची, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे की बघा, रिकाम्या हातानं वळेसर करते. आजी तर कधीकधी तिच्या मांडीवर खरंच दोरा आणि चार फुलं आणून ठेवायची. ती फुलं तशीच सुकायची.

तालमीत मी तो हात केला. सर उठून उभे राहिले. "हे सोनं आहे," म्हणाले. केस आणि हसणं पण ठेवायला लावलंच, वर हा हात. मी रोज घरी सोप्यावर तिच्यासमोर बसून बघायचे, किती वेगानं होतो, मनगट हलतं का, बोलताना वाढतो का. तिला वाटायचं पोरगी आजकाल माझ्याजवळ बसते. तिला काहीही सांगितलं नव्हतं मी.

जत्रेच्या रात्री ती तिसऱ्या रांगेत बायकांबरोबर होती, खांबाजवळ, मांडीवर खाज्याची पुडी. स्टेजवरून समोरचं काही दिसत नाही पण त्या खांबावरची ट्यूब चालू राहिलेली, त्यामुळे ती दिसत होती. मी बसले, हात सुरू केला. चटईवरची मुलं आधी हसली, मग मागून टाळी पडली, मोठी टाळी, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी बघितलं तर आत्या स्टेजकडे बघतच नव्हती. मांडीकडे बघत होती. आणि तिनं हळूच आपला हात त्या पुडीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरची पोरं आमच्या गेटवर येऊन बोटं घासून दाखवायला लागली, पिशी, पिशी, म्हणजे वेडी. चौथ्या की पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तिनं विचारलं, "ते हात म्हजे न्हय गे?" म्हणजे, ते हात माझे ना गं? मी काहीच बोलले नाही. त्यानंतर कितीतरी महिने ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायची.

पुढची गोष्ट तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. दीडेक वर्षानं आमचे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, हे केव्हापासून? आजी म्हणाली, वेड लागल्यापासून. ते म्हणाले, हा आजार नाही, हे गोळ्यांमुळे आहे. जुन्या गोळ्या मेंदूत डोपामिन अडवतात, त्यानं कानात येणारे आवाज कमी होतात, पण हातापायांच्या हालचालीलाही तेच डोपामिन लागतं, म्हणून पार्किन्सनसारखी थरथर सुरू होते. त्यांनी डोस कमी केला, जोडीला एक गोळी दिली, आणि दोनेक महिन्यांत तो अंगठा थांबला. बारा वर्षं आम्ही ज्याला वेड म्हणत होतो ते औषध होतं. आणि मी तेच वेड म्हणून अख्ख्या गावाला दाखवून ठेवलं.

म्हणून म्हणते, अचूकपणा ही काही एवढी मोठी गोष्ट नाही. माझा हात शंभर टक्के अचूक होता. तो हात का हलतो हे मला माहीत नव्हतं आणि तिला विचारावं असं एकदाही वाटलं नाही, तिथंच सगळं बिघडलं. तू लक्षण घेशील तेव्हा प्रत्येकाला विचार, हे आजाराचं आहे, औषधाचं आहे, की लोक ज्या नजरेनं बघतात त्याचं आहे. मांड्यांखाली हात घालणं हे तिसऱ्यातलं, आणि तेच कुठल्या यादीत सापडत नाही.

आता तुझ्या पात्राबद्दल. पहिली गोष्ट, दोन माणसं एका अंगात हा प्रकार स्किझोफ्रेनिया नाही, तो वेगळा आजार आहे, त्याला हल्ली डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. सरांनी त्या रात्री माइकवरून माझी ओळख करून देताना "एक देह, दोन मनं" म्हटलं होतं, आणि हा घोळ आपल्या भाषेतच आहे, स्किझोफ्रेनियाला छिन्नमनस्कता म्हटलं की कोणालाही मन दोन तुकडे झालंय असंच वाटणार. मूळ शब्दही तसाच. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरनं १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून बनवला, त्याला म्हणायचं होतं की विचार आणि भावना यांचा एकमेकांशी सांधा सुटतो, पण लोकांनी धरला तो दुसराच अर्थ. जपानमध्येही आजाराचं नाव 'मन फाटण्याचा रोग' असंच होतं, तिथं पेशंटच्या घरच्यांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये नावच बदललं. आपल्याकडं कोण बदलणार.

दुसरी, आवाज. नवखे खेळाडू लगेच 'मार, मार' म्हणणारा सैतान घालतात. तान्या लुहरमन म्हणून अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये एक अभ्यास छापून आला, कॅलिफोर्नियातलं सॅन मातेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई, प्रत्येक ठिकाणचे वीस पेशंट. अमेरिकेतल्यांना बहुतेक अनोळखी आणि हिंसक आवाज यायचे. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नातेवाइकांचे यायचे, आणि ते ओरडायचे पण काय, तर घरातली कामं कर, जेव, आंघोळ कर. मी ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आत्याला सासूचा आवाज यायचा आणि तो एकच विचारायचा, "मीठ घातलंस?" ती बिचारी परत घालायची. आम्हाला वाटायचं मुद्दाम हुमण, म्हणजे माशाची आमटी, खारट करते. आजी ओरडायची, आणि आता दोन बायका एकदम ओरडतायत म्हटल्यावर ती अजूनच गोंधळायची. तुझ्या रोलप्लेत पात्राला आवाज येतो असं लिहूच नको. पात्र तिसऱ्यांदा मीठ घालतं आणि बाकीचे चौघे काही न बोलता जेवतात, एवढं लिही आणि पुढची चाल त्यांच्यावर सोड.

तिसरी गोष्ट खेळात कोणालाच आवडत नाही, पण खरा आजार बराचसा तीच असतो. काही करावंसं न वाटणं, चेहरा कोरा होणं, शब्द कमी होणं. आत्या सकाळी आंघोळीला म्हणून उठायची आणि खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीच्या दारात दीड-दीड तास उभी राहायची. आळस नाही तो, नाटक नाही. तुझं पात्र असं न्हाणीच्या दारात उभं असताना आत काय चाललंय हे जर तुला लिहिता आलं ना, तर बाकी काही नाही आलं तरी चालेल. आणि माणसाला आजाराशिवाय काहीतरी हवं असतं की नाही? आत्याला भजन आवडतं, बांगडा आवडतो, आणि शेजारणीच्या सुनेचा तिला राग येतो, त्याला कुठलंही कारण नाही. हे आधी ठरव, आजार नंतर.

हिंसेबद्दल स्पष्टच सांगते. लॉकडाऊनमध्ये मी पण एका रोलप्ले ग्रुपमध्ये होते, २०२० ला. तिथं एकाचं पात्र 'स्किझो' होतं, म्हणजे ते रात्री कोणालातरी मारायचं आणि सकाळी आठवायचं नाही, आणि कोणी बोललं की उत्तर तयार, कॅरॅक्टरच तसं आहे. मी दोन वेळा खेळून सोडला तो ग्रुप. त्या मुलाला मारामारी करायला परवाना हवा होता, दुसरं काही नाही. हा आजार असलेले बहुतेक लोक कोणाच्या अंगावर जात नाहीत, उलट त्यांनाच मार पडण्याची, फसवलं जाण्याची भीती जास्त. आत्याच्या पाटल्या सासरी राहिल्या त्या राहिल्याच.

गेल्या वर्षी एका लग्नात सर भेटले. म्हणाले, तुझा तो प्रवेश लोक अजून काढतात. मी म्हटलं सर, त्या हाताचं काय झालं माहीत आहे ना तुम्हाला? तर म्हणाले, अगं आपण डॉक्टर थोडेच आहोत, लोकांना वेडी कळायला हवी होती, कळली. मला तेव्हा पंगतीत उत्तर सुचलं नाही, ते इथं देते. सर, त्या रात्री लोकांना आत्या कळली, वेडी म्हणून. आणि डॉक्टर नसणं ही काय सबब झाली? आपल्याच गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगथ संस्थेच्या लोकांनी डॉक्टरकीची डिग्री नसलेल्या माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटांशी बोलायला बसवलं, आणि पेशंट जास्त बरे झाले, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते. त्यांना जे शिकवलं त्यात ऐकून घेणं होतंच. तेवढं आपल्याला तालमीच्या दोन महिन्यांत जमलं असतं. आमच्या घरापासून अग्रशाळा चार मिनिटांवर आहे. एकदा येऊन तिच्याशी बोलला असता.

तेव्हा तू पण आधी तुझ्या चौघा मित्रांना विचार की हा विषय चालेल का, कोणाच्या घरी कोणी आहे का. असेल तर तो कदाचित सांगणार नाही, म्हणून एकेकट्याला विचार, आणि मध्येच नको वाटलं तर कारण न विचारता तो प्रसंग सोडायचा हे आधीच ठरवा. आणि एका रात्रीत प्रेमानं बरं करू नका पात्राला. गोळ्या, फॉलोअप, वाढलेलं वजन, झोप, नोकरीच्या अर्जात काय लिहायचं, हे सगळं असतं.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही, एका घरातलं सांगितलंय, दुसऱ्या घरात वेगळं असेल. हे वाचून कोणी गोळ्या बंद करू नका, आत्याचे आवाज आज शांत आहेत ते गोळ्यांमुळेच. स्वतःला त्रास होत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. आणि सर वाईट माणूस नाही, आत्याला एकदा मध्यरात्री इस्पितळात न्यायची वेळ आली तेव्हा गाडी त्यांनीच काढली होती, तेही मला विसरता येत नाही.

हे सगळं टाकायच्या आधी आत्याला वाचून दाखवलं. या वेळी विचारलं. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली की सासूचं नाव घालू नकोस. घातलेलं नाही.

तू प्रश्नात पात्राचं वय, गाव, काम, घरात कोण कोण आहे, यातलं काहीच दिलेलं नाहीस. ते लिही, मग त्याला ऐकू येणारा आवाज कोणाचा असेल ते सांगते.