नोकरी जाईल या भीतीने झोप लागत नाही. देवावर भरवसा कसा ठेवू?

ठाण्यातच राहता ना? मग सोमवारची गर्दी टाळून एखाद्या संध्याकाळी कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन बसा. नवस बोलू नका, तो पुन्हा देवाणघेवाणीचा हिशेबच. नुसतं नाम घ्या, श्वास आपोआप संथ होतो. नंतर मासुंदा तलावाला एक फेरी मारा.

सगळं मनासारखं होईल, असा भरवसा मात्र देव देत नाही. कृष्णाने सारथ्य केलं, बाण अर्जुनालाच सोडावे लागले! तेव्हा बायोडेटा आजच नीट करा, घराच्या हप्त्याचं बँकेशी बोलून ठेवा. उरलेलं त्याच्यावर सोडा.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.