रेड वाइन: आधी तुरटपणा ओळखा

पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं, म्हणून रेड वाइन आपल्यासाठी नाहीच असं ठरवून टाकू नका. तुम्हाला खटकला तो बहुतेक तुरटपणा. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनचा तो गुण. कच्चट जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढली जाते, हिरड्या कोरड्या पडतात, अगदी तसंच.

एक करा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा पिऊन बघा. ती चव आवडली तर बिनधास्त कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची तुरट वाइन घ्या. नकोशी वाटली तर मर्लो किंवा पिनो नुआर या द्राक्षांची, कमी तुरट. पिनोच्या द्राक्षाची साल पातळ, त्यामुळे टॅनिन कमी. मला विचाराल तर सुरुवात नाशिकच्या शिराझ द्राक्षाच्या वाइनपासून करा. फळाचा भरदारपणा आणि मागून मिरीचा हलका झणका, आपल्या जिभेला ओळखीचा वाटतो.

मुंबईत एक चूक मात्र सर्रास होते. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हे थंड देशांतल्या घरांसाठी ठीक. मे महिन्यात आपल्या खोलीत पारा ३० च्या वर असतो, मग नुसता अल्कोहोलचा भपकाच नाकात जातो. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरे.

आणि झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर तुरट वाइन घेऊ नका, तिखट आणखी जाळतं. मित्रांबरोबर दोन वेगळ्या बाटल्या उघडा, दोन ग्लास शेजारी ठेवून आलटून पालटून चाखा. फरक लगेच कळेल.