तळाशी जाऊन ‘अनसबस्क्राइब’ दाबते, तरी मेल वाढतातच!

गेल्या अंकात मी शेवटी एकच ओळ टाकली होती: नको असलेल्या मेलबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. तुम्ही लिहिलंत, आणि भरपूर लिहिलंत. त्यातले तीन मेल माझ्याच स्पॅममध्ये जाऊन पडले होते, म्हणून उत्तरांना उशीर झाला. एका संस्थेचा मेल सर्व्हर अकरा वर्षं सांभाळलेल्या बाईने हे कबूल करणं जरा लाजिरवाणंच आहे.

ताई, मी निवृत्त शिक्षिका. रोज सत्तरेक नको ते मेल येतात. तीन महिने मी रोज सकाळी प्रत्येक मेलच्या तळाशी जाऊन ‘अनसबस्क्राइब’ दाबतेय आणि आकडा वहीत लिहून ठेवतेय. ७० वरून ५२ वर आला, मग ६१ झाला, आता ७८. माझं काय चुकतंय?

बाई, वही ठेवलीत हे फार बरं केलंत. आकडा आधी उतरला, कारण काहींनी तुमचं ऐकलं. मग चढला, कारण बहुधा बाकीच्यांना तुम्ही नकळत कळवलंत, ‘हा पत्ता चालू आहे, इथे रोज सकाळी कोणीतरी बसतं.’

तुमच्याकडे येणारे नकोसे मेल दोन जातींचे आहेत. पहिली जात ओळखीच्यांची. कधीतरी तिकीट काढलं, काही मागवलं, एखादी पुस्तिका उतरवून घेतली आणि फॉर्मच्या खाली आधीच टिक केलेला चौकोन तसाच राहिला. हे लोक पिडतात, पण लपत नाहीत. यांना ‘अनसबस्क्राइब’ करावं आणि ते थांबतातही, कारण त्यांना आता पर्याय नाही. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून कडक नियम लागू झाले. जाहिरातीचा मेल असेल तर एका टिचकीत बाहेर पडता आलं पाहिजे आणि दोन दिवसांत नाव निघालं पाहिजे. शिवाय ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत राहिलं पाहिजे. म्हणजे हजारात तीन माणसांनी बटण दाबलं तरी कंपनीचे मेल अडायला लागू शकतात. एरवी आपल्या तक्रारीला एवढं वजन कुठे मिळतं?

मात्र तळाशी जाऊ नका. अशा मेलमध्ये वरच, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, मेल प्रोग्रॅम स्वतः ‘अनसबस्क्राइब’ दाखवतो. ते दाबा. तळाची लिंक पाठवणाऱ्याने लिहिलेली असते आणि ती कुठे नेईल ते तोच जाणे.

दुसरी जात अनोळखींची. यांना तुम्ही पत्ता कधीच दिलेला नाही. तो त्यांनी वेबपानांवरून उचललेला असतो, कुठल्यातरी फुटलेल्या यादीतून घेतलेला असतो, किंवा नावापुढे आकडे जोडत सरळ अंदाजाने बनवलेला असतो. मेल पाठवायला त्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून मेलेले पत्ते आणि जिवंत पत्ते ते एकत्रच झोडतात. जिवंत कोणते हे कळलं की त्या पत्त्याची किंमत वाढते. तुमची टिचकी त्यांना नेमकं हेच सांगते. इथे ‘अनसबस्क्राइब’ नको, उत्तर नको, नुसतं डिलीटही नको. डिलीट केल्याने फिल्टर काही शिकत नाही. ‘स्पॅम म्हणून कळवा’ हेच बटण.

कोण कुठल्या जातीचा, हे ठरवताना दिसणाऱ्या नावावर जाऊ नका, ते कोणीही काहीही लिहू शकतो. ॲट चिन्हाच्या उजवीकडे काय आहे ते वाचा. तरीही शंका राहिली तर त्याला अनोळखी धरा.

आणखी एक. काही मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि मेल उघडल्याचं त्याला समजतं. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुम्ही कुठे आहात ते लपतं, पण मेल उघडला हे तरीही कळू शकतं. सेटिंगमध्ये ‘बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा’ असा पर्याय आहे, तो लावून टाका.

पुढच्यासाठी माझी स्वतःची एक खोड सांगते. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. मी प्रत्येक फॉर्मवर वेगळा शब्द जोडते. गेल्या वर्षी विम्याच्या जाहिराती यायला लागल्या त्या थेट ‘अधिक चित्रकला’ या पत्त्यावर, आणि तो पत्ता मी फक्त एका ऑनलाइन चित्रकला वर्गाला दिला होता. त्यांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून काही गेलं नाही. मी वाद घातला नाही, त्या पत्त्यावर येणारं सगळं परस्पर कचऱ्यात टाकायचा नियम लावला. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत आणि हुशार चोर ते पुसूनही टाकतात, तरी मला ही खोड सोडवत नाही.

वही चालू ठेवा. फक्त आता दोन रकाने करा.

नाव छापू नका. मला माझ्याच पत्त्यावरून मेल आलाय. त्यात माझा खरा पासवर्ड लिहिलाय. ‘तुझ्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रीकरण केलंय, दोन दिवसांत बिटकॉइन पाठव, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन,’ असं म्हणतो. पासवर्ड सात-आठ वर्षांपूर्वीचा आहे. झोप उडाली आहे.

आधी शांत व्हा. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्यच उत्तर आहे: पासवर्ड जुना आहे. ज्याच्या हातात आज तुमचा कॅमेरा आहे, तो सात वर्षांपूर्वीचा पासवर्ड कशाला दाखवेल? एखाद्या वेबसाइटची यादी कधीतरी फुटली, त्यात तुमचा पत्ता आणि पासवर्ड जोडीने होते. हा मेल त्या यादीवर यंत्राने पाठवलेला आहे. २०१८ पासून हाच मजकूर थोड्याफार फरकाने जगभर फिरतोय. तुम्ही कोण, हे पाठवणाऱ्याला माहीतही नाही.

राहिला तुमच्याच पत्त्याचा प्रश्न. मेल पाठवण्याची मूळ नियमावली जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिली, तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत असत. पाठवणारा म्हणून कोणाचं नाव लिहिलंय हे तपासायची सोयच तिच्यात नव्हती. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून मी तुमचं नाव लिहिलं तर पोस्टमन थोडाच अडवतो? नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या, पण त्या सगळीकडे सारख्या कडक नाहीत. खात्री करायची असेल तर ‘सेंट’मध्ये तो मेल आहे का ते पाहा, आणि खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडलं गेलंय ती यादी तपासा. अनोळखी काही नसेल तर बहुधा आत कोणी आलेलं नाही.

पैसे पाठवू नका, उत्तर देऊ नका. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर आजच बदला आणि मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आपला पत्ता कुठल्या फुटलेल्या यादीत आहे हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या वेबसाइटवर फुकट बघता येतं. संगणक-सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. मीही पाहिलं होतं. माझा जुना पत्ता सहा ठिकाणी निघाला.

एका रात्रीत ९०० हून जास्त मेल आले. फुलवाले, जिम, कुठल्या कुठल्या भाषांतली वार्तापत्रं, सगळे ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ म्हणतायत. मी कुठेच नोंदणी केली नाही. सगळे एकदम निवडून डिलीट करू का?

या पत्राला मी अंकाची वाट न बघता त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं होतं: काहीही डिलीट करू नका.

हा नेहमीचा स्पॅम नव्हे. कोणीतरी यंत्राकरवी तुमचा पत्ता शेकडो खऱ्याखुऱ्या वेबसाइटींच्या फॉर्ममध्ये भरलाय. मेल खरे असतात, म्हणून फिल्टर त्यांना अडवत नाही. आणि असा पूर बहुतेक वेळा एक मेल झाकण्यासाठी आणलेला असतो. गवताच्या गंजीत सुई हरवते म्हणतात, इथे सुई लपवायला गंजी रचली जाते.

म्हणून शोधाच्या चौकटीत ‘ऑर्डर’, ‘पेमेंट’, ‘पासवर्ड’, ‘पत्ता बदलला’ असे शब्द टाकून बघा, इंग्रजीतही. बँकेच्या आणि खरेदीच्या खात्यांत स्वतः ॲप उघडून शिरा, मेलमधल्या लिंकवरून नाही.

या वाचकाला तो मेल चौदाव्या पानावर सापडला. त्यांच्याच खरेदीच्या खात्यातून दोन मोबाइलची ऑर्डर गेली होती, पत्ता भलताच. माल निघायचा होता, ऑर्डर रद्द झाली, कार्ड बंद केलं, पासवर्ड बदलला. हे सगळं मार्गी लागल्यावर मग पुराकडे पाहायचं. ‘नोंदणी’, ‘स्वागत’, ‘पुष्टी करा’ अशा शब्दांचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा फिल्टर लावा आणि तिकडे दुर्लक्ष करा. बऱ्याच वेबसाइट तुम्ही पुष्टी केली नाही तर पुन्हा लिहीत नाहीत. काही दिवसांत ओसरतं.

मुलाखतीचा मेल स्पॅममध्ये गेला आणि तारीख उलटून गेल्यावर मला दिसला. फिल्टरच बंद करून टाकू का?

तुमचा राग मला कळतो, कारण एकदा असा घोळ मी स्वतः घातला आहे. २००३ च्या सुमाराला आमच्या सर्व्हरवर ‘तुम्ही जिंकलात’वाल्या मेलांनी उच्छाद मांडला होता. मी वैतागून एक नियम लिहिला: विषयात ‘अभिनंदन’ असेल तर मेल थेट बाजूला. दोन दिवस लोक माझी पाठ थोपटत होते. अकराव्या दिवशी एक तरुण सहकारी येऊन विचारू लागली, शिष्यवृत्तीचं पत्र अजून कसं आलं नाही? आलं होतं. अभिनंदन करतच आलं होतं. होकार कळवायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. तिने पुष्कळ धडपड करून मुदत वाढवून घेतली, पण पुढे कित्येक महिने ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, आणि ते बरोबरच होतं.

एका शब्दावर निवाडा करणारे फिल्टर तेव्हा सर्रास होते. २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी एक लेख लिहिला आणि मेलमधल्या अनेक शब्दांचं वजन एकत्र करून शक्यता काढायची पद्धत जोरात पसरली. गणित थॉमस बेझ या इंग्लिश धर्मगुरूंचं, त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलेलं. आजचे फिल्टर त्याच्या कितीतरी पुढे गेलेत, तरी ते शक्यताच सांगतात. चुकणारच.

तेव्हा बंद करू नका, आठवड्यातून एकदा आत डोकावा. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी पुसतं. चांगला मेल दिसला की ‘स्पॅम नाही’ दाबा. आणि महत्त्वाच्या ठिकाणाहून काही येणार असेल तर आपण आधी तिकडे एक मेल टाकून तो पत्ता संपर्कांत जोडून ठेवावा. ही सवय मला त्या शिष्यवृत्तीनंतर लागली.

हे सगळं सुरू कोणी केलं?

पहिला नमुना म्हणून सहसा ३ मे १९७८ चा मेल दाखवतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, चारशेच्या आसपास लोकांना एकदम पाठवलं. पत्ते इतके झाले की ते ठरलेल्या जागेत मावेनात आणि मजकुरात सांडले. म्हणजे पहिलाच स्पॅम, तोही गबाळा.

मी मुद्रितशोधक आहे. वारसाहक्काचे कोट्यवधी देऊ करणाऱ्या या मेलांत इतक्या चुका का असतात? एवढा पैसा आहे तर कोणाकडून तपासून का घेत नाहीत?

तुमचा व्यावसायिक संताप पोचला! काही चुका मुद्दाम असतात, शब्द मोडला की जुने फिल्टर फसायचे. पण मला सर्वांत पटलेलं कारण मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं. लाखो मेल पाठवणं स्वस्त, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे बोलत राहणं महाग. मग अर्ध्यात शहाणा होणारा माणूस चोराला परवडत नाही. म्हणून गोष्ट इतकी अचाट ठेवायची की शंकेखोरांनी पहिल्याच ओळीला हसून निघून जावं आणि मागे फक्त विश्वास ठेवणारे उरावेत. चुकाही तीच चाळणी लावत असाव्यात, असं माझं मत.

आता मात्र यंत्रं शुद्ध लिहून देतात, त्यामुळे निर्दोष मजकूर दिसला म्हणून मेल खरा समजू नका. आणि चुका दिसल्या तर दुरुस्त करून परत पाठवू नका. तुमचा हात शिवशिवत असेल, मला माहीत आहे.