जे वाक्य तुझं नाही

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिरा आलेला मेसेज सकाळी वाचला आणि सोबतची क्लिप तीनदा ऐकली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता, आणि रागात मी बोलते ते लागतं हे तुला माहीत आहे. आता दोन दिवस गेलेत.

तुझं म्हणणं असं, की डबिंगच्या सात महिन्यांत मैत्रीण, शेजारीण, नर्स आणि क्राउडमधली बाई यापुढे काही मिळालं नाही. शेवटी नावं येतात त्यात तुझं नाव नसतं. आता वेबसिरीजमध्ये चार दिवसांचं काम आलंय, त्यात चेहरा दिसणार आहे, आणि डबिंगच्या कबूल केलेल्या तारखा नेमक्या त्याच आठवड्यात आहेत. यातलं कोणतं सोडू, आणि मी कायम दुसरीच राहणार का?

आधी क्लिपबद्दल. त्यात नायिका म्हणते, "आई आता माझ्याशी बोलत नाही." त्यावर तुझं वाक्य, "अगं, होईल सगळं नीट." आवाज स्वच्छ, लिपसिंक चोख, उच्चारांत खोट काढायला जागा नाही. पण तिचं वाक्य तू ऐकलेलंच नाहीस. ते संपायची वाट बघत होतीस. तिच्या 'नाही'तला शेवटचा स्वर अजून हवेत आहे तोच तू श्वास घेतलास. माईकने तो पकडलाय, आणि ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आता तुझी पाळी आली. जिला मैत्रिणीचं ऐकून खरंच धक्का बसलाय, तिचा श्वास तिथे अडकेल. माझा राग होता तो या श्वासावर.

जे वाक्य तुझं नाही, ते आधी पाठ कर. तुला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू मान हलवलीस आणि स्वतःच्या वाक्यांवर रंगीत पेनाने खुणा करायला लागलीस.

म्हणून आज तुला बी बेनाडेरेटबद्दल लिहिते. अमेरिकेतली नटी. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली, वाढली सॅन फ्रान्सिस्कोत. वडील तुर्कस्तानातून आलेले तंबाखूचे व्यापारी. विशीत तिथल्या केएफआरसी रेडिओ स्टेशनवर लागली, १९३६ मध्ये हॉलिवूडला गेली, आणि पुढची सत्तावीस वर्षं ती दुसरी होती. जॅक बेनीच्या विनोदी कार्यक्रमात टेलिफोन ऑपरेटर गर्ट्रूड. लुसिल बॉल नायिका असलेल्या रेडिओमालिकेत साहेबाची बायको आयरिस. जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलन या नवरा-बायकोच्या कार्यक्रमात, आधी रेडिओवर आणि १९५० पासून टीव्हीवर, शेजारीण ब्लांश मॉर्टन. शेजारीण! तू या शब्दावर किती रडलीस ते आठव.

आता ती शेजारीण काय करते ते बघ. ग्रेसी जगाच्या उलट बोलायची, पण स्वतःशी इतकी प्रामाणिक, की तिच्या डोक्यातलं गणित तिला कायम बरोबरच वाटायचं. अशा बाईला समोर कुणीतरी लागतं. ते माणूस शहाणं हवं, पण ग्रेसीवर त्याचा जीवही हवा. ब्लांशने 'काय वेडी आहे ही' असा चेहरा केला असता तर ग्रेसी मूर्ख ठरली असती आणि विनोद कडवट झाला असता. ब्लांश ऐकते. मनापासून ऐकते, मध्येच तिची अडखळ होते, आणि त्या अर्ध्या क्षणात प्रेक्षकाला कळतं की हसायचं ते इथे. म्हणजे वाक्य ग्रेसीचं, पण हशा कुठे फुटणार ते ठरवायची ब्लांश.

टीव्हीवर निदान भुवई तरी दिसते. रेडिओवर ऐकणंसुद्धा ऐकू यावं लागतं. एका माईकभोवती सगळे उभे, हातात कागद, पान उलटल्याचा आवाज होता कामा नये, समोर प्रेक्षक बसलेले. त्यांचं हसू ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं आणि फार थांबलं तर हवा जाते. ज्या बाईला फक्त स्वतःची वाक्यं येतात तिला हे जमत नाही. तू आज काचेपलीकडे एकटी असतेस, समोरच्याचं वाक्य हेडफोनमधून येतं, तेही बहुतेकदा परक्या भाषेत. म्हणून तर तुला हे जास्त करायला हवं. मूळ नटी काय बोलतेय त्याचा अर्थ आधी विचारून घे. लाजू नकोस. दिग्दर्शक घड्याळाकडे बघेल. बघू दे.

त्या कार्यक्रमात, टीव्हीवर, ब्लांशच्या नवऱ्याचं काम एकामागून एक चार नटांनी केलं. १९५३ मध्ये लॅरी कीटिंग आला तेव्हा बर्न्सने चालू प्रसंग थांबवला, प्रेक्षकांना सांगितलं की आता हा तुमचा नवा हॅरी मॉर्टन, त्याची बीशी ओळख करून दिली, दोघं एकमेकांशी छान बोलले, आणि प्रसंग होता तिथून पुढे सुरू झाला. नवऱ्यावर चिडलेली ब्लांश पुन्हा चिडलेली. नवरा नवा, पण लग्न तेच जुनं वाटलं पाहिजे ही जबाबदारी कुणावर पडली? जिला कुणाचंही वाक्य आपल्या घरातलं म्हणून ऐकता येत होतं तिच्यावर.

तू म्हणशील, ताई, ती नशिबाने चांगल्या जागी होती. नशिबाचंच सांगते.

१९५१ मध्ये लुसिल बॉल स्वतःची टीव्हीमालिका करायला निघाली. शेजारीण एथेलच्या भूमिकेसाठी तिच्या मनात पहिलं नाव होतं बीचं. बी बर्न्स-अ‍ॅलनशी करारात बांधलेली होती, तिला जाता आलं नाही. भूमिका व्हिव्हियन व्हान्सला मिळाली आणि 'आय लव्ह लुसी' जगभर गेली. १९५४ च्या एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांत मालिकेतल्या सहायक अभिनेत्रींच्या यादीत दोघींची नावं होती. मिळाला व्हान्सला, एथेलसाठी. पण मला त्याहून जास्त दिसते ती १९५२ ची जानेवारी. त्या मालिकेच्या पहिल्याच वर्षात बी एका भागापुरती तिथे गेली आणि किराणावाल्यावर जीव जडलेल्या एका प्रौढ कुमारिकेची भूमिका करून आली. जे घर तिचं होऊ शकलं असतं त्या घरात पाहुणी म्हणून. त्या भागात तिच्या कामात कुठे कडवटपणा सापडतो का, शोध. मला सापडला नाही.

आणि आता माझं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मी एकतीस वर्षांची होते. रेडिओसाठी एक कौटुंबिक श्रुतिकामालिका होणार होती आणि मला त्यात शेजारच्या काकूचं काम देऊ केलं होतं. कागद बघितला तर निम्मी वाक्यं "हो का?", "मग?", "अगं बाई!" मी म्हटलं, हुंकार भरायला मी येणार नाही. त्याच सुमाराला दुसरीकडे नायिकेचं काम आलं, तेरा भागांचं. ते घेतलं. काकूचं काम दुसरीने केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात लोक तिचा "मग?" ऐकायला तिच्याभोवती जमायचे.

मला त्याचं दुःख नाही. दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. माझ्या त्या तेरा भागांपैकी एकाची टेप माझ्याकडे राहिली आणि ती मी पन्नाशी उलटल्यावर ऐकली. त्यात सासू, मुलगा घर सोडून गेलेल्या रात्री, नायिकेला म्हणते, "दार लावून घे." ती नटी मोठी होती, त्या तीन शब्दांत तिने अख्खं घर रिकामं केलंय. त्यावर मी म्हणते, "बरं." सुरेख म्हणते. तो 'बरं' चहा ठेवायला सांगितला असता तरी तसाच आला असता. मी तिचं ऐकलंच नव्हतं. पुढच्या पानावर माझं मोठं स्वगत होतं, माझं लक्ष तिथे होतं.

मी टेप बंद केली आणि पुन्हा लावली नाही.

तरी नायिकेचं काम घेतलं यात मी चुकले असं मला वाटत नाही. घरात तीन वर्षांचं मूल, आई अंथरुणावर, आणि त्या कामाचे पैसे काकूच्या दुप्पट होते. लोक म्हणाले डोक्यात हवा गेली. ज्यांना महिन्याचा हिशोब घालावा लागत नव्हता ते म्हणाले. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच काम घेईन. फक्त जाताना सासूची वाक्यं पाठ करून जाईन. म्हणून तुला सांगते, कोणतं काम घेतेस ते तुझं तू बघ. मला त्यात पडायचं नाही. तिथे जाऊन ऐकणार आहेस का, एवढं मला कळव.

नाव न येण्याबद्दल तू लिहिलंस ते मात्र बरोबर आहे, आणि माझ्या बोलण्याचा अर्थ 'गप्प बस' असा काढू नकोस. बीने वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांत १९४३ च्या सुमारापासून दहा-बारा वर्षं बायकांचे आवाज दिले. बग्ज बनीसमोरची ती कर्कश ओरडणारी लाल टोपीवाली मुलगी ती. ट्विटी पक्ष्याची आजी आधी ती. पडद्यावर नाव यायचं पुरुषांचे आवाज देणाऱ्या मेल ब्लँकचं, कारण त्याने आपल्या करारात तसं लिहून घेतलं होतं. त्याला मी दोष देत नाही. ज्याने मागितलं त्याला मिळालं. तूही माग. लेखी माग, रेकॉर्डिंगच्या आधी माग. बीनंतर ती आजी जून फोरे या नटीकडे गेली. तिनेही वर्षानुवर्षं बिननावाचं काम केलं, आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांसाठीचे अ‍ॅनी पुरस्कार हे तिच्या डोक्यातून निघाले, १९७२ मध्ये. भांडायचं तर असं, ज्याचा पुढच्यांनाही उपयोग होईल. पण बूथमध्ये शिरताना ते भांडण बाहेर ठेव. तुझ्या त्या क्लिपमध्ये मला ते ऐकू आलं.

१९६० मध्ये 'द फ्लिंटस्टोन्स' आली. आपल्याकडे केबलवर कार्टून वाहिनी आल्यावर घरोघरी दिसायची, तूही लहानपणी बघितली असशील. त्यातली शेजारीण बेटी म्हणजे बी, पहिली चार वर्षं. आणि बेटीचा नवरा बार्नी म्हणजे तोच मेल ब्लँक. बेटीचं ते मिटल्या ओठांतलं हसू आठवतंय? ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्यावर येतं. कागदावर लिहून असं हसू येत नाही.

मग लेखक-निर्माता पॉल हेनिंगच्या 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या टीव्हीमालिकेत तिला आजीची भूमिका हवी होती, तिने चाचणी दिली. आजी झाली आयरीन रायन. आयरीनचं वाचन बघून बीनेच म्हटलं की ही तुमची आजी, असं सांगतात. मला हे सहज खरं वाटतं. जी आयुष्यभर समोरच्याचं ऐकत आली तिला ते ऐकू येणारच. हेनिंगने तिला पर्ल नावाच्या नातेवाईक बाईचं काम दिलं, आणि पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, तिच्यासाठी स्वतंत्र मालिका उभी केली, 'पेटीकोट जंक्शन'. रेल्वेच्या फाट्यावरचं एक हॉटेल, ते चालवणारी विधवा केट ब्रॅडली, तीन तरुण मुली आणि एक आळशी नातेवाईक. बी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. पहिल्यांदा नाव पुढे.

आणि नायिका झाल्यावर तिने काय केलं? तेच. सगळे विक्षिप्त लोक केटभोवती येऊन आपापलं वेड बोलतात आणि केट हातातलं काम न सोडता ऐकते. मुख्य भूमिका मिळाल्यावर माणसं स्वतःची वाक्यं वाढवून मागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तू मेसेजमध्ये लिहिलंस, "मला आधी स्वतःला शोधायचंय." हे वाक्य मला कळत नाही, आणि तुझ्या तोंडी तर मुळीच आवडलं नाही. समोर माणूस बोलतोय, त्याला सोडून तू कुणाला शोधणार आहेस?

१९६७ च्या शेवटी तिला फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठलं. उपचार झाले, ती कामावर परतली, पुन्हा आजारी पडली. १३ ऑक्टोबर १९६८ रोजी गेली. तिचा नवरा जीन ट्वॉम्ब्ली रेडिओवर ध्वनिपरिणाम द्यायचा, दारं, पावलं, काचा. तो चार दिवसांनी गेला. तिच्यानंतर तिचा शेवटचा भाग दाखवला गेला, त्यात पडद्यावर पाठमोरी दुसरीच बाई आहे. बीचा फक्त आवाज आहे.

आता कामाचं. स्टुडिओत आजच फोन कर आणि तारखा चार दिवस पुढे सरकतात का विचार. मेसेज नको, फोन. सरकल्या तर शूटिंगला खुशाल जा, करारात नावाचं आधी लिहून घे. नाही सरकल्या तर कबूल केलंय ते पुरं कर, यावर मला चर्चा नको.

आणि गुरुवारी संध्याकाळी घरी ये. तोच प्रसंग घेऊन ये, नायिकेची वाक्यं पाठ करून. ती तू म्हणायचीस, मैत्रीण मी होईन. जेवायलाच थांब, आमटी-भात करते.

तुझी,
ताई