कॉर्सेट आवळायचं कसं, सोडायचं कसं

प्रश्न: ताई, मी लग्नानंतर इंग्लंडमध्ये असते. इथल्या एका म्युझियममध्ये वीकेंडला व्हॉलंटियर म्हणून जाते, तिथे 1880च्या काळातले कपडे घालून लोकांशी बोलायचं असतं. स्टीलच्या पट्ट्यांचं कॉर्सेट, म्हणजे नाडीने कंबर-छाती आवळून धरणारा आतला कपडा, मिळालंय पण घालायला कोणी शिकवलं नाही, दुपारपर्यंत कमरेवर वळ उठतात आणि पाठीमागची फट वर रुंद, खाली बारीक दिसते. अजून आवळू का? आणि एकटीने आवळता येतं का? – एक वाचक, यॉर्कशायर

उत्तर: अजून अजिबात आवळू नकोस गं! आधी बूट घाल. हो, खरंच बूट आधी, कारण कॉर्सेट चढल्यावर कमरेत वाकता येत नाही. मग आतला सुती झगा म्हणजे शेमीज. तो घालायचाच, कॉर्सेट नुसत्या अंगावर घालायचं नसतं, घाम शेमीज टिपतं आणि ते रोज धुता येतं, कॉर्सेट धुता येत नाही.

आता नाडी पूर्ण सैल कर, मागे चांगली वीतभर फट पडू दे. मग पुढचा बस्क लाव, म्हणजे पुढच्या दोन स्टीलच्या पट्ट्या, एकीवर खुंट्या आणि दुसरीवर त्या अडकवायच्या कड्या. सगळ्यात वरची खुंटी आधी लावू नकोस, वरून दुसरी लाव, बाकीच्या आपोआप जागेवर येतात. नाडी सैल न करता बस्क लावायला किंवा काढायला गेलं की खुंट्या वाकतात, बहुतेक कॉर्सेट तिथेच खराब होतात. बस्क लागला की शेमीज खालून दोन्ही हातांनी खाली ओढून सपाट कर. तुझे वळ बहुतेक इथलेच आहेत, आत कापडाची चुणी राहते आणि दिवसभर तीच रुतत बसते.

एकटीने नक्की जमतं, त्या काळच्या बायका रोजच घालायच्या, आणि सगळ्यांकडे काही दासी नव्हती. मागे नाडी फुलीफुलीने ओवलेली असते आणि कमरेच्या उंचीवर दोन लांब फासे सोडलेले असतात. तुझ्यात नसतील तर नाडी काढून परत ओव, 5-6 मीटर लांबीची लागेल. आता वरच्या फुलीत बोट घालून ताण घे, मग तिच्या खालची, असं करत कमरेपर्यंत ये, मग अगदी खालून वर कमरेपर्यंत, आणि सुटलेली सगळी नाडी त्या दोन फाशांतून बाहेर ओढून घे. एका दमात करायचंच नाही. पहिल्यांदा नुसतं अंगाला बसेल इतकंच, मग दहा मिनिटं घरात फिर, पाणी पी, आणि मग परत एकदा वरून-खालून. दुसऱ्या वेळी नाडी किती सहज सरकते ते बघ.

फट वर-खाली सारखी हवी, दोन इंचांच्या आसपास असली तरी काही बिघडत नाही. तुझी वर रुंद आहे म्हणजे एकतर तू खालून जास्त ओढतेस, नाहीतर कॉर्सेट छाती-बरगड्यांना लहान आणि कंबरेखाली ढगळ आहे. मी सांगितलं तसं परत आवळून बघ, तरीही फट तशीच राहिली तर दुसऱ्या मापाचं माग, चुकीच्या मापाचं कॉर्सेट कितीही आवळलं तरी बसत नाही. कमरेला इंच-दोन इंच कमी झालं की म्युझियमच्या दिवसाला भरपूर झालं. त्या काळी कंबर बारीक दिसायची ती बरीचशी मागे फुगवलेल्या घागऱ्यामुळे आणि पॅडिंगमुळे. बरगड्या काढून घेण्याची जी गोष्ट सगळीकडे फिरते तिला काही पुरावा नाही, पाहुण्यांनी विचारलं तर स्पष्ट सांग.

कॉर्सेटचं एक मोठं काम लोक विसरतातच, ते म्हणजे वजन पेलणं. परकराची नाडी कशी एकाच रेषेत काचते, तसे तेव्हाचे दोन-तीन पेटीकोट आणि वर जड स्कर्ट नुसत्या कमरेवर बांधले असते तर काय झालं असतं! कॉर्सेटमुळे तो भार सगळीकडे वाटला जातो. घरकाम करणाऱ्या मुलीही घालायच्या, इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरो गावच्या सिमिंग्टन कंपनीने 1890च्या सुमाराला खास त्यांच्यासाठी स्वस्त आणि मजबूत कॉर्सेट काढलं होतं.

पोटाने खोल श्वास घेता येत नाही, छातीच्या वरच्या भागाने घ्यावा लागतो, तेवढं अपेक्षित आहे. पण मुंग्या, बधिरपणा, दुखणं किंवा धाप लागली तर पाहुणे समोर असले तरी बाजूला जाऊन लगेच सैल कर. हर्निया, ॲसिडिटीचा मोठा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर घालायच्या आधी डॉक्टरांना विचार.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या इंग्रजी नाटकाचा काळ 1775 आहे. ऑनलाइन मिळणारं बस्कवालं कॉर्सेट चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही चालणार, आणि मला मनापासून वाटतं की करायचंच तर नीट करा. दोन भागांत उघडणारा बस्क एकोणिसाव्या शतकातला, धातूची आयलेट्स, म्हणजे नाडीच्या भोकांना लावायच्या कड्या, त्यासुद्धा 1820च्या दशकाच्या शेवटी आली. 1775 मध्ये ‘स्टेज’ (stays, रंगमंच नव्हे, कॉर्सेटच्या आधीचा तसाच कपडा) असायचे, अंगाला शंकूचा आकार देणारे, कमरेखाली कापडाच्या पाकळ्या, आत देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या, आणि नाडीची भोकं हाताने दोऱ्याने काजासारखी शिवलेली. नाडी एकच, एका टोकाला गाठ मारून नागमोडी ओवत न्यायची, फुल्या नाहीत, फासे नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न ठेवता एकमेकांपासून थोडी सरकवून घ्या, नाहीतर आवळताना एक बाजू वर चढते. पट्ट्यांसाठी शिवणाच्या दुकानात प्लास्टिकच्या बोनिंगची चौकशी करा, आणि तालमीला पहिल्या दिवसापासून स्टेज घालूनच उभं राहायला सांगा, कारण बसणं, वाकणं, पायऱ्या चढणं सगळंच बदलतं.