कमानीचं छत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खानापूरच्या आमच्या जुन्या घराला पुढच्या सोप्यावर लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या बसक्या कमानी असं छत आहे. दर पावसाळ्यात गळतंय, आता गर्डरच्या कडेच्या विटा निसटायला लागल्यात. गवंडी म्हणतोय पाडून स्लॅब टाका. खरंच पाडावं लागेल का?

ताई, पाडायचं नाव इतक्यात काढू नका. याला जॅक आर्च म्हणतात, ब्रिटिश काळात रेल्वेच्या, सरकारी बिल्डिंगांत हे सर्रास घालायचे. दोन गर्डरच्या मधे विटांची कमान आणि वर चुन्याची भरणी. कमान कुठलीपण असू दे, वरचं वजन ती नुसतं खाली देत नाही, दोन्ही बाजूंना बाहेरपण ढकलते. मधल्या कमानी एकमेकींना रेटून धरतात पण शेवटच्या कमानीला पलीकडून रेटणारं कोणी नसतं, म्हणून तिथं आडव्या सळया घातलेल्या असतात, टाय रॉड. पंखा लावायला मधे येतात म्हणून काही जण त्याच कापून टाकतात, कृपा करून तसं करू नका.

विटा निसटतायत त्याचं मूळ बहुतेक गर्डरमधे असणार. पाणी मुरलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि फुगून कडेची वीट उचकटून काढतो. म्हणून खालून सिमेंटचं प्लास्टर मारून काही उपयोग नाही, आधी वरची गळती बंद करा, मग गर्डर घासून बघा लोखंड किती शिल्लक आहे ते. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. आणि एकच खण, म्हणजे दोन गर्डरमधला भाग, उघडायचा झाला तरी शेजारच्या खणांना आधी खालून टेकू द्या, नाहीतर त्यांचा रेटा सुटतो आणि एकामागून एक सगळे खाली येतात.

प्रश्न : मी निपाणीत कॉलेजला आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आणि विजापूरचा गोल घुमट दोन्ही बघितले. दोन्हीकडं वर गोलच आहे, मग फरक काय?

फार चांगलं विचारलंस! दिसायला दोन्ही गोल, पण आत चाललेलं काम अगदी उलटं आहे. कमल बस्ती हे जैन मंदिर, ते रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराजानं 1204 च्या सुमारास बांधलं. तिथं दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय आणि शेवटी मधोमध ते 72 पाकळ्यांचं कमळ लोंबतंय. परत गेलास तर त्याच्या खाली उभा राहून वर नीट बघ, एकेक थराची आडवी कड दिसते. प्रत्येक दगड आडवाच बसलाय, मागच्या बाजूला वजन असल्यामुळं पुढं कलंडत नाही, म्हणून बाहेर ढकलणं जवळपास नाहीच आणि बारीक दगडी खांबांवर ते छत आठशे वर्षं निवांत बसलंय.

गोल घुमटाचं तसं नाही. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, 1656 च्या आसपासची. विटा आणि चुन्याचा घुमट, बाहेरून व्यास जवळजवळ 44 मीटर, एवढं धूड भिंतींना सतत बाहेर रेटतंय. मग चौकोनी खोलीवर गोल बसवला कसा? तर एकमेकांत गुंतलेल्या आठ मोठ्या कमानी काढल्यात, त्यातून वरती आत झुकलेला एक जाडजूड कठडा तयार होतो, त्या कठड्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमट बाहेर ढकलतो, दोघांची तोंडमिळवणी होते. बघणारे वर जाऊन टाळ्या वाजवतात, आवाज ऐकतात आणि खाली येतात, या कमानींकडं मान वर करून कोणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा रेटा सांभाळायचा कसा, यातच कमानी छताचा सगळा इतिहास आलाय बघ. इजिप्तमधे रामेसियम म्हणजे दुसरा रामसेस या राजाच्या देवळाच्या कोठारांवर सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या विटांची कमानी छतं आजपण थोडीफार उभी आहेत. रोमन लोकांनी सरळसरळ भिंतीच जाड केल्या. इंग्लंडात डरहॅमच्या कॅथेड्रलचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, काम 1093 ला सुरू झालं, तिथं दगडी बरगड्या काढून वजन ठराविक जागी उतरवलं, मग पुढं भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या आणि रेटा झेलायला बाहेरून तिरके टेकू आले.

प्रश्न : चिकोडीजवळ नवीन घर बांधतोय. मोबाईलवर बघून मुलांना हॉलला कमानी छत पाहिजे. पीओपीचं करू की खरं विटांचं?

दादा, पीओपीचं छत स्लॅबला टांगलेलं असतं, ते कसलंच वजन घेत नाही, हवा तो आकार द्या. खरं करायचं तर आकार मनानं काढायचा नाही. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं 1675 मधे सांगून ठेवलंय, साखळी दोन टोकांना धरून सोडली की जो आकार येतो तो उलटा केला की कमानीचा बरोबर आकार मिळतो. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला दाबलेल्या मातीच्या विटांची अशी छतं करतात आणि शिकवतातपण. कमान जितकी बसकी तितका रेटा जास्त, तेव्हा पुरेशी उंची द्या आणि दोन्ही भिंतींना वरून बांधून घेणारा आरसीसी बीम आणि टाय रॉड दोन्ही ठेवा.

पण त्याआधी जमीन बघा. तुमच्याकडं काळी माती निघायची शक्यता भरपूर, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत जराशी जरी सरकली तरी कमानीच्या डोक्यावर चीर पडते. पायाला मुरूम लागत असेल तर बिनधास्त विटांचं करा, खोलवर काळीच असेल तर पीओपी घ्या आणि वाचलेला पैसा पायात घाला.